नॅस घरी, आपण परगावी

घरात दोन लॅपटॉप, चार फोन आणि एक टीव्ही झाला की फायलींचा ठावठिकाणा लागेनासा होतो. आईच्या फोनची मेमरी फोटोंनी भरलेली असते, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ कुठल्याशा पेन ड्राइव्हवर असतो आणि घराचं खरेदीखत कोणीतरी स्कॅन केलं होतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर चारशे 'सुप्रभात'च्या खाली गाडलेलं असतं. यावर उपाय म्हणून नॅस आणली जाते. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली, चोवीस तास चालू राहणारी साठवणुकीची पेटी. पेटी येते, डिस्क बसतात, आठवडाभर कौतुक होतं. मग बाहेरगावी असलेलं कोणीतरी विचारतं, "मला इथून यातली फाइल कशी मिळेल?" याचं उत्तर शोधायला गेलं की हाती लागणारे बरेचसे सल्ले दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे निघतात, आणि आज ते पाळणं धोक्याचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात सोय सढळ हाताने करा. बाहेरून आत यायला मात्र एकच वाट ठेवा, आणि ती व्हीपीएनची, म्हणजे घरापर्यंतच्या एन्क्रिप्टेड बोगद्याची. राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅसला थेट इंटरनेटवर आणायचा विचार डोक्यातून काढून टाका.

पेटी कुठली घ्यावी यावर इथे जागा घालवत नाही. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांच्या तयार पेट्या मिळतात. हौस असेल तर जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट टाकता येतं. रास्पबेरी पाय ४सुद्धा घरगुती कामाला पुरतो, कारण त्यात गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३.० दोन्ही आहेत. राउटरच्या पाठीमागच्या यूएसबी पोर्टात हार्ड डिस्क खोचून काम भागवायचा मोह मात्र टाळा. अशा बऱ्याच राउटरांना एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली उघडायच्या पद्धतीची, पहिली, जुनाट आवृत्तीच येते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या छिद्रातून. त्या वर्षाच्या शेवटी आलेल्या अपडेटपासून विंडोज १०नेही ती आवृत्ती मोडीत काढायला सुरुवात केली.

पहिलं काम वायरचं. नॅस वाय-फायवर ठेवू नका, राउटरला केबलनेच जोडा. इंटरनेटवाल्याने फुकट बसवलेल्या राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत की गिगाबिट, हे एकदा तपासा. १००चे असतील तर कॉपीचा वेग सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर सरकत नाही. गिगाबिटवर तोच ११०च्या आसपास जातो. ५० जीबीचं फोल्डर हलवायला एका बाजूला सव्वा तास, दुसऱ्या बाजूला आठ मिनिटं. राउटर बदलायची गरज नाही, पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घ्या आणि नॅस व कामाचा संगणक दोन्ही त्यालाच जोडा. एवढं करूनही वेग ११वरच अडला असेल तर केबलची क्लिप डोळ्यांजवळ धरून बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात. घाईत काम उरकणारे कारागीर कधीकधी चारच क्रिंप करतात, आणि चार तारांवर १०० एमबीपीएस बिनतक्रार चालत असल्याने वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं काम पत्त्याचं. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटतो आणि वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. मग काल चालणारा शॉर्टकट आज उघडत नाही आणि नॅस बिघडली असा बोभाटा होतो. राउटरच्या पानावर डीएचसीपीखाली 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे नॅसचा मॅक पत्ता निवडून तिला एक कायमचा आकडा द्या. ते करतानाच आणखी एक गोष्ट उरकून घ्या. बहुतेक घरांत नेटवर्क १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.०ने सुरू होतं. ते बदलून १९२.१६८.५७ असं काहीतरी आडवळणाचं करा. पुढे व्हीपीएनने बाहेरून येताना तुम्ही ज्या हॉटेलात किंवा पाहुण्यांकडे बसला असाल, तिथलंही नेटवर्क १९२.१६८.१चंच असेल, तर तुमच्या लॅपटॉपला कळत नाही की ५० नंबरचं यंत्र इथलं की घरचं. हा घोळ तिथे बसून सुटत नाही, तो घरीच टाळावा लागतो. समजा, नॅसला १९२.१६८.५७.१० हा पत्ता दिला. (आकडे इथे मराठीत छापलेत, टाइप करताना इंग्रजीच वापरायचे.)

आता घरातली सोय. घरात एसएमबीच वापरा. विंडोज, मॅक, फोन, टीव्ही सगळ्यांना ते समजतं. मुद्दा कोणाला काय दिसावं हा आहे, आणि इथे आळस करू नका. अ‍ॅडमिनचं खातं फक्त नॅसच्या देखभालीसाठी ठेवा. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र वापरकर्ता आणि पासवर्ड द्या. फोटो, कागदपत्रं, सिनेमे असे वेगवेगळे शेअर करा. कागदपत्रांच्या शेअरमध्ये लिहायचा अधिकार एक-दोघांना, बाकीच्यांना फक्त वाचायचा. टीव्हीसाठी वेगळा वापरकर्ता करा, त्याला सिनेमे दिसावेत, तेही वाचण्यापुरते. हे सोवळं-ओवळं कशासाठी, तर घरातल्या एखाद्या लॅपटॉपवर खंडणीखोर व्हायरस शिरला तर त्या लॅपटॉपच्या वापरकर्त्याला जिथे लिहिता येतं तिथपर्यंतच तो नासधूस करू शकतो. सगळं घर एकाच खात्यावर चालत असेल तर सगळंच जातं.

विंडोजवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, पुढे नॅसचा पत्ता, पुन्हा एक तिरकी रेघ आणि शेअरचं नाव लिहिलं की शेअर उघडतो. 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून त्याला झेड हे अक्षर दिलंत की घरच्यांच्या दृष्टीने तो सी आणि डीसारखाच एक ड्राइव्ह होतो. इथे दोन ठिकाणी हमखास अडतं. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीनंतर पासवर्डाशिवायचे, 'गेस्ट'वाले शेअर उघडेनासे झाले. ते उघडावेत म्हणून रजिस्ट्रीत खाडाखोड करायचे उपाय सांगितले जातात. त्यापेक्षा पासवर्ड लावा, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरी अडचण अशी की विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. आधी अ‍ॅडमिन म्हणून शिरलात आणि मग स्वतःच्या खात्याने शिरायला गेलात, तर पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन नॅसची जुनी नोंद काढून टाका आणि संगणक रीस्टार्ट करा. यात पासवर्ड चुकल्याचा संशय घेऊन तो चार-चार वेळा बदलणारे लोक पाहिलेत.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून पत्ता द्यायचा. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' आयओएस १३पासून आलं आहे. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोरर किंवा सॉलिड एक्सप्लोररसारखं अ‍ॅप घ्यावं लागतं. सिनेमे नुसते बघायचे असतील तर व्हीएलसी पुरे.

फायलींना मराठी नावं द्यायची का? जरूर द्या, फक्त लांबीचं भान ठेवा. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट्सची असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, तीन बाइट्स खातं. म्हणजे ८५ चिन्हं. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड शेअरमध्ये ही मर्यादा १४३ बाइट्सवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. 'आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याचे निवडक फोटो' एवढ्यातच ती जवळजवळ संपते, आणखी दोन शब्द जोडले की कॉपी अर्ध्यात थांबते. त्यावर येणाऱ्या सूचनेत खरं कारण असेलच असं नाही.

घराबाहेरचं प्रकरण इथून सुरू होतं, आणि त्याची सुरुवात नेहमी एफटीपी या फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीपासून होते, कारण नॅसच्या मेन्यूत ते ठळक दिसतं. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१मधला. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले आणि तेव्हा एमआयटीत होते. त्या काळी नेटवर्कवरचे संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आणि त्यांचे मालक एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे पासवर्ड वायरवरून उघडाच जायचा, आणि साध्या एफटीपीत तो आजही उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०२१मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. जुन्या सीसीटीव्ही रेकॉर्डरला किंवा स्कॅनरला एफटीपीशिवाय दुसरं काही येत नसेल, तर घरातल्या घरात, वेगळ्या फोल्डरपुरतं आणि वेगळ्या वापरकर्त्याने ते चालू ठेवा. उंबऱ्याबाहेर नको.

त्याच्या शेजारी एफटीपीएस आणि एसएफटीपी अशी दोन नावं दिसतात. ती भावंडं नाहीत. एफटीपीएस म्हणजे जुन्या एफटीपीवर एन्क्रिप्शन चढवलेलं. त्याला डेटासाठी पोर्टांचा अख्खा पट्टा लागतो आणि फायरवॉलशी त्याचं कायम वाजतं. एसएफटीपी एसएसएचवर, म्हणजे दूरच्या यंत्राशी एन्क्रिप्टेड जोडणी करणाऱ्या प्रोटोकॉलवर, चालतं. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू युलेनेन यांनी एसएसएच लिहिलं. एसएफटीपीला एकच पोर्ट लागतो, २२ नंबरचा, आणि सगळं एन्क्रिप्टेड जातं. आपल्याला हेच हवं आहे.

मग राउटरमध्ये २२ नंबर पोर्ट फॉरवर्ड केला की झालं? नाही. उघडा पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र अख्खं इंटरनेट चाळत असतात. पोर्ट उघडल्यावर लवकरच नॅसच्या लॉगमध्ये 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी शिरायचे प्रयत्न ओळीने दिसू लागतात. पासवर्ड भक्कम असला तरी सॉफ्टवेअरमधलं छिद्र पासवर्ड विचारत नाही. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या पेट्या वापरणाऱ्या अनेकांना सकाळी उठल्यावर त्या रिकाम्या सापडल्या. कोणीतरी दुरून फॅक्टरी रीसेट केला होता. त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर २०१५चं होतं. २०२१च्याच एप्रिलमध्ये क्यूलॉकर या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅपच्या पेट्यांमधल्या फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबून खंडणी मागितली, आणि जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट आला. या सगळ्यांत पेटी इंटरनेटवरून थेट गाठता येत होती. कित्येकांनी पोर्ट स्वतः उघडलेलेही नसतात, राउटरमधलं यूपीएनपी नॅसच्या विनंतीवरून ते आपोआप उघडून देतं. राउटरच्या पानावर जाऊन यूपीएनपी आजच बंद करा. एखादा ऑनलाइन गेम कुरकुर करेल, करू दे.

आपल्याकडे तर पोर्ट उघडूनही बऱ्याचदा उपयोग नसतो. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्याने अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे ते आहे का, हे ओळखणं सोपं आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा आणि ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधून तिथला आकडा बघा. दोन्ही सारखे नसतील तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर ते पक्कंच, कारण तो पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. (घरात दोन राउटर एकामागे एक असले तरीही आकडे जुळत नाहीत, त्यामुळे पुढचा राउटर तपासा.) सीजीनॅट असेल तर बाहेरून केलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. कंपनीकडून महिन्याचं भाडं भरून स्टॅटिक आयपी घेता येतो. नुसत्या फायलींसाठी तो घ्यायची गरज नाही.

व्हीपीएनचं तंत्र जुन्या वाड्याच्या दरवाजासारखं आहे. मोठा दरवाजा बंदच, ओळखीच्या माणसाने दिंडीतून वाकून आत यायचं. घरगुती वापराला यातलं सर्वांत कमी कटकटीचं साधन माझ्या मते टेलस्केल. आतून ते वायरगार्ड वापरतं, जे मार्च २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सीजीनॅट असो, दोन राउटर असोत, पोर्ट न उघडता दोन यंत्रांची गाठ घालून देणं ही त्याची हातोटी. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप दोन्हींच्या पॅकेज यादीत ते मिळतं, लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेत बसतं. नॅसवर टाका, गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरा, मग तेच फोनवर आणि लॅपटॉपवर करा. प्रत्येक यंत्राला १००ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. तो तुमच्या यंत्रांपुरताच असतो, आणि तुम्ही लातूरला असा की लंडनला, बदलत नाही. वैयक्तिक वापराला फुकट योजना आहे.

इथे एक काम विसरू नका. टेलस्केल प्रत्येक यंत्राची ओळख ठरावीक मुदतीपुरतीच मानतं, मूळ मुदत १८० दिवसांची. नॅसची मुदत संपते तेव्हा घरात सगळं सुरळीत असतं, फक्त बाहेरून ती दिसेनाशी होते, आणि ती पुन्हा चालू करायला घरी कोणीतरी हवं. टेलस्केलच्या वेबवरच्या यादीत नॅसच्या नावापुढच्या तीन ठिपक्यांवर जा आणि 'डिसेबल की एक्स्पायरी' करा. फोन आणि लॅपटॉपची मुदत तशीच राहू द्या, ती यंत्रं हरवू शकतात. ज्या गुगल खात्याने हे उघडलंत त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण आता घराची किल्ली त्या खात्यात आहे. एवढी किल्लीसुद्धा दुसऱ्या कंपनीकडे नको असेल आणि तुमच्याकडे सार्वजनिक आयपी असेल, तर राउटरवरच वायरगार्ड लावा. त्याला ५१८२० हा एक यूडीपी पोर्ट उघडावा लागतो, पण अनोळखी हाकेला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्या बॉटला तिथे कोणी राहतं याचा पत्ता लागत नाही.

व्हीपीएन लागलं की अनेक जण बाहेरूनही झेड ड्राइव्हच उघडतात, आणि मग वैतागतात. एसएमबी बडबडं आहे. प्रत्येक छोट्या गोष्टीला सवाल आणि त्याचा जवाब. घरात तो जवाब मिलिसेकंदाच्या आत येतो. पुण्याहून जर्मनीपर्यंत जाऊन यायला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात, त्यामुळे हजार फोटोंचं फोल्डर नुसतं उघडताना चहा होतो. एखादी पीडीएफ बघण्यापुरतं ते चालेल. मोठ्या फायली आणायच्या-न्यायच्या तर व्हीपीएनच्या बोगद्यातून एसएफटीपी करा.

नॅसवर ते चालू करायचं ठिकाण सिनॉलॉजीत कंट्रोल पॅनलच्या फाइल सर्व्हिसेसमध्ये, एफटीपीच्या पानावर खाली आहे. तिथे साधं एफटीपी बंद आणि एसएफटीपी चालू ठेवा. स्वतः उभारलेल्या लिनक्स यंत्रावर नुसतं एसएसएच चालू केलंत तर वापरकर्त्याला अख्ख्या यंत्राची फोल्डरं दिसतात. त्याला एका फोल्डरात कोंडायचं तर ते वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं असावं लागतं आणि इतर कोणाला त्यात लिहिता येता कामा नये. हे नसेल तर पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुढच्याच क्षणी जोडणी तुटते, कारण न सांगता. फायली ठेवायला आत वेगळं उपफोल्डर करा, त्याची मालकी वापरकर्त्याला द्या.

लॅपटॉपवर विनएससीपी किंवा फाइलझिला घ्या, मॅकवर सायबरडक. प्रोटोकॉल एसएफटीपी, होस्टच्या जागी नॅसचा टेलस्केलवाला पत्ता, पोर्ट २२. पहिल्यांदा जोडताना एक खिडकी येते, 'हा सर्व्हर अनोळखी आहे, पुढे जायचं का?' आणि खाली अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ. तो नॅसच्या किल्लीचा ठसा. पहिली जोडणी घरी बसून करा म्हणजे निःशंकपणे 'हो' म्हणता येतं. पुढे परगावी तीच खिडकी 'ठसा बदलला आहे' म्हणत आली आणि नॅस तुम्ही नव्याने उभारलेली नसेल, तर तिथेच थांबा, पासवर्ड देऊ नका.

वेगाबद्दल अपेक्षा जमिनीवर ठेवा. बाहेर बसून फाइल उतरवताना तुमच्या हॉटेलच्या डाउनलोडइतकाच घरच्या अपलोडचाही वेग मोजला जातो. घरचं अपलोड १० एमबीपीएस असेल तर १ जीबीला पाव तास धरा, १०० असेल तर दीड मिनिट. वेग अगदीच रडत असेल तर टेलस्केलच्या स्टेटसमध्ये 'डायरेक्ट' दिसतंय की 'रिले' ते बघा. रिले म्हणजे थेट गाठ पडली नाही, डेटा मधल्या सर्व्हरवरून वळसा घालून येतोय. नेटवर्क बदलून बघा, कॉलेज-ऑफिसच्या कडक फायरवॉलमागे असं होतं.

हे सगळं तपासायला परगावी जायची गरज नाही. फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर या, लॅपटॉपला त्याचा हॉटस्पॉट द्या आणि एक मोठी फाइल दोन्ही दिशांना हलवून बघा.

ग्राहकाला किंवा नातेवाइकाला एकदाच काही द्यायचं असेल तर त्याला या जाळ्यात घेऊ नका. ती फाइल गुगल ड्राइव्हवर चढवा, दुवा पाठवा, नंतर काढून टाका.

विजेचं म्हणाल तर नॅस आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत, आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर. बॅकअपचं म्हणाल तर दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारं रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. वेगळ्या यूएसबी डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क एरवी सोडवून कपाटात ठेवा. नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर तीही लावा.

शेवटी एक कागद. त्यावर नॅसचे दोन्ही पत्ते, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, टेलस्केल कुठल्या खात्याने उघडलंय, त्या खात्याचे राखीव कोड आणि बॅकअपची डिस्क कुठली, एवढं पेनाने लिहा आणि जिथे घराची कागदपत्रं असतात तिथे ठेवा. मग घरात या प्रकारात सर्वांत कमी रस असलेल्या माणसाला तो कागद देऊन एक ठरावीक फोटो उघडायला सांगा आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. जिथे तो अडेल, तिथे कागदात ओळ वाढवा.